उंबऱ्याबाहेरून सांगितलेल्या चुली

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पंचायत समितीचे सभापती आदरणीय नानासाहेब. मघाशी ज्यांनी माझं एवढं कौतुक केलं की हे दुसऱ्या कुणाविषयी चाललंय का म्हणून मी मागं वळून पाहिलं, ते आपले गटविकास अधिकारी साहेब. व्यासपीठावर बसलेले सरपंच आबाराव आणि इतर गावांची सरपंच मंडळी. माझे सहकारी विस्तार अधिकारी, ग्रामसेवक, मुख्यसेविका, कारकून, शिपाई. समोर बसलेल्या माता-भगिनी. आणि पार मागं दाराशी उभी असलेली वस्तीवरची माझी माणसं. अरे, पुढं खुर्च्या मोकळ्या आहेत, या की. बरं, राहू द्या, तिथं वारा चांगला लागतो म्हणता. तर सर्वांना माझा नमस्कार, आणि मागच्यांना जय भीम.

जरा हा माइक खाली करता का? साहेब उंच आहेत, मी त्यांच्या खांद्याला लागतो. हां, आता बरं झालं.

मंडळी, आज एकतीस मार्च एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. सरकारी दप्तराप्रमाणं आज मला अठ्ठावन्न पूर्ण झाली. दप्तराप्रमाणं म्हणतो, कारण माझा जन्म नक्की कधीचा हे आईलाही सांगता आलं नाही. ती म्हणायची, 'ज्वारी काढायला आली व्हती तवा झाला.' मास्तरांनी त्यावरून तारीख टाकली. त्या मास्तरांच्या मर्जीनं आज मी घरी चाललो आहे. त्यांनी एखादं वर्ष मागं-पुढं केलं असतं तर हे हार आज दुसऱ्याच्या गळ्यात पडले असते.

सत्काराला उत्तर देताना काय बोलायचं असतं, मला ठाऊक आहे. इथं याच सभागृहात मी असे बावीस-तेवीस समारंभ पाहिले. खुर्च्या मांडल्या, सतरंज्या झटकल्या, दोनदा आभारही मानले. उत्सवमूर्तीनं म्हणायचं असतं की मी काहीच केलं नाही, सगळं तुमच्या सहकार्यानं झालं. मीही तेच म्हणणार आहे. फक्त माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे, आणि कसं खरं आहे ते सांगायला मला थोडा वेळ लागेल. नानासाहेब, चहाला उशीर झाला तर माझ्या नावावर घाला.

मी मूळचा परंड्याकडचा. बहात्तर साली दुष्काळ पडला आणि मला या तालुक्यात दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला पाठवलं. सहा महिन्यांसाठी म्हणून आलो होतो. एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि स्टोव्ह एवढं घेऊन आलो. त्या सहा महिन्यांची सोळा वर्षं कशी झाली ते मला विचारू नका, बदली करणाऱ्यांना विचारा.

त्या कामावर धुरपदाबाई म्हणून एक बाई खडी फोडायला यायच्या. लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, मिळायची तेव्हा, तुम्हा जाणत्या लोकांना आठवत असेल, तिची भाकर थापताना तुटायची. एक दिवस हजेरी घेताना बाई मला म्हणाल्या, 'सायेब, मिलो सरकार देतंय, काम सरकार देतंय. पर भाकर भाजायची कशावर? गुरं छावणीला गेली, श्यान न्हाय. झाडं समद्यांनी तोडली. आता बुडखं खांदून आणतो आमी.' खरंच तसं होतं. दिवसभर खडी फोडायची आणि संध्याकाळी माळावर जाऊन बाभळीची बुडखं खणायची. धान्याचा दुष्काळ सगळ्यांना दिसत होता. जळणाचाही दुष्काळ असतो, हे मला त्या दिवशी कळलं. ते एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं, आणि पुढची सगळी नोकरी त्याच्यामागं गेली.

पुढं समितीनं ठरवलं की गावोगावच्या ग्रामपंचायतींना जळण आणि वीज वाचवायला शिकवायचं. कुणी शिकवायचं? बियाण्याला माणूस होता, खताला माणूस होता, विहिरींना तर तीन-तीन होते. जळणाला कोण? मग कुणीतरी म्हणालं, ओव्हाळ रिकामे आहेत. मी रिकामा नव्हतो, पण नाही म्हणायची सवय नव्हती.

सुरुवात केली रस्त्यावरच्या दिव्यांपासून. आबाराव, हसू नका, तुमचंच गाव. मी एकदा भर दुपारी एस.टी.तून चाललो होतो आणि बघतो तर गावातले सगळे दिवे चालू! वर ऊन मी म्हणतंय आणि खाली दिवे. उतरलो. चौकशी केली. मेन स्विच ग्रामपंचायतीच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली आबारावांच्या घरी खुंटीला, आणि आबाराव उसाचं बघायला ढोकीच्या कारखान्यावर गेलेले, तीन दिवस झाले. घरात कुणाची टाप होती खुंटीवरची किल्ली काढायची? म्हटलं, आबाराव, स्विच शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर आणू. तर म्हणाले, 'मग कुणीबी बंद करील की!' मी म्हणालो, तेच तर पाहिजे. दोन महिने लागले पटवायला. पण स्विच बाहेर आला, आणि मग एकेक करून बेचाळीस गावांत आला. सकाळी शाळेत जाणारा कुणीही जाता जाता दिवे मालवायचा. एवढं सोपं काम, पण जिल्ह्याच्या सभेत साहेबांनी माझं नाव घेतलं.

दिव्यांचं काम मला लई आवडायचं. दिवा रस्त्यावर असतो. रस्त्यावर मला कुणी अडवत नव्हतं.

मग त्र्याऐंशीच्या अखेरीला निर्धूर चुलीची योजना आली. अर्धं जळण वाचतं, धूर नळातून बाहेर जातो, बायकांचे डोळे वाचतात. तालुक्याला टार्गेट तीनशे. उस्मानाबादला आठ दिवसांचं शिक्षण झालं. चुलीचं तोंड किती, तोंडाची उंची किती, चुलीपासून बाजूच्या वैलापर्यंतचा बोगदा किती रुंद, नळ कुठं बसवायचा, सगळं पाठ केलं. बोटभर माप चुकलं तर धूर उलटा घरात येतो. शिकवणारे साहेब म्हणाले, कारागिरानं चुलीपुढं बसून स्वतःच्या हातानं मापं घेतलीच पाहिजेत, ऐकीव मापावर चूल बांधायची नाही. मी वहीत लिहून घेतलं. सगळ्यांनी लिहून घेतलं. मला वाटतं, त्या वर्गात ते वाक्य वाचून रात्रभर जागा राहिलेला मी एकटाच असेन.

कारण मंडळी, दिवा रस्त्यावर असतो आणि चूल घरात असते. घरात म्हणजे ओसरीवर नाही, माजघरात नाही. पार आत, देवाशेजारी.

आता तुम्ही म्हणाल, ओव्हाळ, निरोपाच्या दिवशी हे कशाला? बरोबर आहे. पण उद्यापासून मला माइक कोण देणार?

मी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली. तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. सरकारी नोकरी लागली, स्वतःचं टेबल मिळालं, खुर्ची मिळाली. लोक 'साहेब' म्हणतात. कुणी मला या सोळा वर्षांत वेडंवाकडं बोललं नाही. कायदा आहे, आणि माणसंही चांगली आहेत. कुणी काही म्हणालंच नाही, हेच तर सांगतोय मी.

पहिली चूल सरपंचाच्या घरी बांधायची असं ठरलं, म्हणजे गाव मागं येईल. चौऱ्याऐंशीचा फेब्रुवारी. मी आणि बंडप्पा कुंभार, ज्यांनी सगळे खापरी नळ घडवले, असे दोघं आबारावांच्या ओट्यावर जाऊन बसलो. चहा झाला. पान झालं. पुन्हा चहा झाला. पावसापाण्याचं झालं, उसाच्या तोडीचं झालं. ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं. कुणी 'चला आत' म्हणेना आणि मी 'येऊ का' म्हणेना. बंडप्पा एकदा माझ्याकडं बघत होते, एकदा नळाकडं. शेवटी आतून आबारावांच्या आई, मथुराबाई, यांचा आवाज आला. 'सायेब, मापं तितनंच सांगा. म्या हितं करते.'

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, खोटं कशाला बोलू?

मी खिशातली सुतळी काढली आणि तिला चार गाठी मारल्या. पहिल्या गाठीपर्यंत चुलीचं तोंड, दुसरीपर्यंत उंची, तिसरीपर्यंत बोगदा, चौथीपर्यंत नळाचं बूड. सुतळी उंबऱ्यावर ठेवली. मथुराबाईंनी ती उचलून नेली. मी बाहेरून सांगायचं, त्यांनी आतून करायचं. 'पहिली गाठ धरा.' 'धरली.' 'आता मातीचा थर द्या.' 'दिला.' 'ओला हात फिरवा.' 'फिरीवला, म्होरं सांगा.' तीन दिवस असं चाललं होतं. त्या बाईंचा हात इतका साफ होता की आवाजावरूनच कळायचं.

आणि चूक झाली. मी म्हणालो, नळ डाव्या हाताला बसवा. मी अंगणातून घराकडं तोंड करून बसलेलो, आणि माझं ऐकू यावं म्हणून मथुराबाई माझ्याकडं तोंड करून बसलेल्या. माझा डावा तो त्यांचा उजवा. त्यांनी इमानदारीनं त्यांच्या डाव्या हाताला नळ बसवला. तिकडं भिंतीपलीकडं देवघर! चूल पेटवली आणि सगळा धूर गेला देवघरात. खंडोबाचा टाक काळा पडला, समई काळी पडली, मथुराबाई खोकत बाहेर आल्या. आत गेल्याशिवाय मला ते दुरुस्त करता येणार नव्हतं. दोन दिवस त्या घरात खलबतं चालली. तिसऱ्या दिवशी निरोप आला, 'काम झालं.' काय झालं? तर देव दुसऱ्या खोलीत नेले, आणि देवघराचं माळवद फोडून नळ वर काढला.

म्हणजे बघा नानासाहेब, मला आत बोलावण्यापेक्षा देव हलवणं सोपं गेलं.

हसा, हसा. मीही हसतो. बंडप्पा आणि मी त्या दिवशी परत येताना वाटेत बसून पोट दुखेपर्यंत हसलो. मग बंडप्पा म्हणाले, 'सायेब, मी आत जाऊ शकलो असतो की. तुमी का न्हाय सांगितलं?' खरंच, बंडप्पा जाऊ शकत होते. मला सुचलं नाही. त्यांनाही ओट्यावर बसल्या बसल्या सुचलं नाही. किंवा मला सोडून आत जाणं त्यांच्या जिवावर आलं असेल. बंडप्पा आज हयात नाहीत, म्हणून ते आता मला विचारता येत नाही.

तर पुढच्या घरापासून मी डावं-उजवं सोडलं. उगवतीकडं, मावळतीकडं असं सांगू लागलो. मग चुका थांबल्या. सुतळीला गाठी मारून दारात ठेवायची, ओट्यावर बसायचं, आणि ओरडून चूल सांगायची. बायका लई हुशार. दुसऱ्या चुलीला मला निम्मंच सांगावं लागायचं. तीनशेचं टार्गेट होतं, चार वर्षांत अकराशे चाळीस झाल्या. इथल्या आधीच्या एका गटविकास अधिकारी साहेबांनी अहवालात लिहिलं की या तालुक्यात चूल महिला स्वतः बांधतात, कार्यकर्ता फक्त मार्गदर्शन करतो, त्यामुळं महिलांचा सहभाग शंभर टक्के आहे. जिल्ह्यानं ती पद्धत उचलली. मला प्रशस्तिपत्र मिळालं. मघाशी साहेबांनी जे वाचून दाखवलं ते हेच. त्यात सगळं खरं आहे. फक्त ही पद्धत सुचली कशी, तेवढं तिथं नाही.

आमच्या वस्त्यांमध्ये मी आत बसून चुली बांधल्या. त्यांच्यावरची भाकर खाल्ली. त्या नव्वद. यादी ग्रामपंचायत करायची, आणि वस्तीपर्यंत येईतो नळ संपायचे. ते जाऊ द्या. पण बाकीच्या हजारभर चुली, ज्यांच्यासाठी तुम्ही मला ही शाल दिलीत, त्यांतली एकही मी पाहिलेली नाही.

पुण्याहून तपासणीला एक अधिकारी आले होते. तरुण माणूस, डोळ्यांना चष्मा. आबारावांच्या घरी नेलं. त्यांना कुणी नाव-गाव काही विचारलं नाही. थेट आत नेलं, चुलीपुढं पाट मांडला, फोटो काढले. मी अंगणात त्यांचे बूट सांभाळत उभा. बाहेर आले ते इतके खूश! माझा हात हातात घेऊन म्हणाले, 'ओव्हाळ, कमाल आहे. आत धुराचा वाससुद्धा नाही. तुम्हाला किती समाधान वाटत असेल, नाही?' मी म्हणालो, 'हो साहेब.'

संध्याकाळी तामलवाडीच्या फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभं राहिलं की आसपासची घरं दिसायची. माळवदांवर बंडप्पांचे नळ, आणि नळातून धूर. मला तेवढंच दिसायचं. धुरावरून मी ओळखायला लागलो होतो. दाट पांढरा आला की जळण ओलं. नुसता निळसर आला की बोगदा साफ आहे, बाई जपते. कुठं भाकरी चालल्यात, कुठं नुसतं पाणी तापतंय. मग गाडी यायची, आणि मी इथं येऊन समितीच्या गोदामामागच्या खोलीत स्टोव्हवर पिठलं करायचो. निर्धूर चुलीचा तालुक्यातला सगळ्यात मोठा जाणकार रोज रॉकेलचा धूर खायचा. कुटुंबासाठी खोली मी चार वर्षं शोधली. खोली रिकामी असायची, आडनाव सांगितलं की घरमालकाचा भाचा राहायला यायचा असायचा. मग शोधायचं सोडलं. मला एकटं वाटायचं, फार वाटायचं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण ज्यांना सांगावं ते मला साहेब म्हणायचे.

घरी जायचो शनिवारी. सोलापूर, कुर्डुवाडी, परंडा, तीन गाड्या. माझी पत्नी पुतळाबाई जागी असायची. ती विचारायची, 'मथुराबाईची चूल पाह्यली का वो?' पहिल्यांदा मी म्हणून गेलो, पाहिली. का म्हणालो कोण जाणे. तिला बरं वाटावं म्हणून असेल, किंवा मलाच. मग दर शनिवारी वर्णन करावं लागायचं. चुलीला पांढऱ्या मातीचा पोतेरा दिलाय, वर तांबडी रेघ ओढलीय, बोगद्यावर मांजर बसतं. मी रंगवून सांगायचो, ती भाकर थापत ऐकायची. एकदा विचारलं, 'पाटा कुठल्या अंगाला हाय?' म्हटलं, उजव्या. महिन्याभरानं पुन्हा विचारलं, 'पाटा कुठं म्हणालात?' म्हटलं, डाव्या. तिनं ताटात आणखी एक भाकर वाढली. त्यानंतर तिनं पाट्याचं कधी विचारलं नाही, पण चुलीचं मात्र विचारत राहिली, आणि मी सांगत राहिलो. तिला सगळं कळलं होतं. शहाऐंशीच्या श्रावणात पुतळाबाई गेली. आता दोन वर्षं परंड्याच्या घराला कुलूप आहे. आज मी तिथं जाणार आहे.

मथुराबाईंविषयी मात्र मी गैरसमज होऊ देणार नाही. त्या घरी मी कितीदा तरी गेलो. मी ओट्यावर, त्या आत. भिंतीआडून बोलायच्या. 'सायेब, आज बोगद्याची काजळी काढली, पसाभर निघाली.' 'सायेब, थोरल्या सुनंला चूल फुकायची सवय मोडंना, फुकणी लपवून ठिवली म्या.' पुतळाबाई गेल्यावर पहिल्यांदा गेलो, तर त्यांनी चुलीचा विषयच काढला नाही. म्हणाल्या, 'जेवता का वेळेवर?' या तालुक्यात मला तो प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. आणि आबाराव, बहात्तरला तुम्ही तुमच्या विहिरीचं पाणी वस्तीला दिलंत, मी हजेरीवर होतो, मी पाहिलंय. वरून ओतून दिलंत, तेही पाहिलंय. दोन्ही माझ्या ध्यानात आहे.

आता परवाचं सांगतो आणि थांबतो.

परवा मंगळवारी मी सगळ्या घरांचा निरोप घेत फिरलो. आबारावांकडं गेलो. आबाराव ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी म्हणालो, आईंना सांगा, येतो म्हणावं. तर मथुराबाई स्वतः आल्या. आता त्यांना नीट दिसत नाही. चौकट धरून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'उत्तरेश्वर, आत या. चूल बघून जा. म्या आता किती दिसाची?'

चार वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. आत थोरल्या सूनबाई भाकर थापत होत्या, त्या थापायच्या थांबल्या. आबारावांचा अडकित्ता थांबला. त्यांनी नाही म्हटलं नाही. मंडळी, मी शपथेवर सांगतो, आबारावांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी मान खाली घातली, एवढंच.

मी एक चप्पल काढली. आणि मग म्हणालो, 'राहू द्या आई, मापं मला पाठ आहेत. माझी गाडी चुकंल.'

गाडीला दोन तास अवकाश होता. ते दोन तास मी फाट्यावर बसून काढले.

मी का गेलो नाही? परवापासून हेच स्वतःला विचारतोय. राग म्हणावा तर राग नव्हता. त्या एका शब्दाची मी चार वर्षं वाट पाहिली होती, तो शब्द मिळाला, आणि पाय उचलला नाही. आत गेलो असतो. चूल पाहिली असती. हात फिरवून पाहिला असता, मथुराबाईंनी चहा दिला असता, मी निघालो असतो. आणि माझी पाठ वळल्यावर कुणीतरी शेणाची पाटी आणली असती, आणि मी उभा होतो तेवढी जमीन सारवून घेतली असती. किंवा नसती घेतली. मला ठाऊक नाही. आणि ते मला कळू द्यायचं नव्हतं. आता कुलूप उघडून एकटा बसेन तेव्हा मला असं म्हणता येईल, की नसती सारवली. मथुराबाईंनी सारवू दिली नसती. मी गेलो असतो तर कदाचित एवढंही म्हणता आलं नसतं.

आणि चूक कुणाची म्हणाल, तर एक माझीही आहे. त्या सुतळीला मी इतक्या चांगल्या गाठी मारल्या की कुणाला मला आत बोलवायची गरजच उरली नाही. काम झालं, धूर गेला, जळण वाचलं, आणि हजार घरांना तो प्रश्न स्वतःला विचारावाच लागला नाही. मलाही विचारावा लागला नाही. माझ्यामागून जे कुणी या टेबलावर येतील त्यांना माझं सांगणं आहे, पहिल्याच घरी विचारा, 'आत येऊ का?' टार्गेट कमी भरलं तरी चालेल.

तर आभार. सभापतींचे आभार, त्यांनी खुर्चीत बसवून हार घातला. साहेबांचे आभार, त्यांनी परंड्यापर्यंत समितीची जीप दिली, तीन गाड्या बदलायच्या वाचल्या. सहकाऱ्यांचे आभार, त्यांनी सोळा वर्षं माझ्या डब्याला नावं ठेवली पण मला कधी उपाशी ठेवलं नाही. बंडप्पांच्या मुलांचे आभार. ज्या बायकांनी माझ्या आवाजावर विश्वास ठेवून, मी न पाहिलेल्या अंधारात हात घालून चुली बांधल्या, त्यांचे सगळ्यांत जास्त.

बोलताना कुठं तोल गेला असेल, कुणाला लागलं असेल, चांगल्या दिवशी नको ते काढलं असं वाटलं असेल, तर म्हातारा माणूस, घरी निघालाय, म्हणून पोटात घाला. आणखी एक माफी मागायची राहिली आहे, पण ती व्यक्ती या सभागृहात नाही. म्हणून आबाराव, तुमच्याकडं निरोप देतो. घरी गेलात की आईंना सांगा, त्यांनी मला आत बोलावलं आणि मी आलो नाही, तेवढं मला माफ करा म्हणावं. आणि हे ओट्यावरून ओरडून सांगू नका. आत जाऊन, चुलीपाशी बसून सांगा. तुम्हाला तिथं बसता येतं.

नमस्कार. जय भीम.